डीटरची दाढी, बापूकाकांची मिशी

सगळा दोष बापूकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी कोणीतरी म्हणणार, "जाऊ दे रं, वडीलधारं माणूस हाय." वडीलधारं आहे म्हणूनच आधी सांगतोय.

आता किस्से. शूटिंगच्या युनिटमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार. ढग सरकायची वाट, हिरॉईन व्हॅनमधून उतरायची वाट, शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बंद व्हायची वाट. पाणी एका जागी साठलं की डास होतात, तशी माणसं एका जागी साठली की किस्से होतात. आमच्या वाईकडच्या युनिटमधले निम्मे किस्से एकट्या डीटरचे आहेत.

डीटर जर्मन. धंद्यानं सिनेमानट. पन्नाशीचा, आणि उंची अशी की आमच्या गावातली प्रत्येक चौकट त्याच्या कपाळाला ओळखते.

मी पंकज, युनिटमध्ये पंक्या. सांगलीला विश्रामबागेत इंजिनिअरिंग करत होतो, तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते तुम्ही विचारू नका, घरी रोज विचारतात. बापूकाका माझे सख्खे चुलते. शूटिंगवाल्यांना बैलगाड्या, घोडे, जुनी घरं, गर्दीला माणसं, सगळं तेच पुरवतात. मी घरी बसलोय म्हटल्यावर त्यांनी मला डीटरच्या दिमतीला लावलं.

"इंग्लिश येतंय न्हवं तुला? मग फिर गोऱ्याबरोबर. बापानं एवढा पैसा घातलाय, कुठंतरी वसूल हू दे!"

*

डीटरनं त्याचं जर्मनीतलं करिअर मला एकदा घाटावर बसून सांगितलं. सुरुवात नाटकात. मग टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका. त्यात तो पोलीस असायचा. मोठा नव्हे. दार उघडून "साहेब, अजून एक बॉडी सापडली" एवढं सांगून दार लावून घेणारा. असं बरेच दिवस चाललं, मग त्याला वरचा रोल मिळाला.

"कुठला?" मी विचारलं.

"बॉडी."

तेवढ्यात इकडून बोलावणं आलं. मोठा ऐतिहासिक पिक्चर, इंग्रज अधिकाऱ्याचा रोल, वाईत शूटिंग. डीटर आला. थोडं शूटिंग झालं आणि एका रात्रीत प्रोड्यूसर गाशा गुंडाळून पळाला, त्याच्यामागं युनिट पळालं. डीटरला सांगायचं मात्र सगळे विसरले. तो बिचारा सकाळी लाल कोट, पितळी बटणं, कमरेला खोटी तलवार असा तयार होऊन घाटावर येऊन बसला. जर्मन माणूस, वेळेच्या आधी हजर. दुपार झाली तरी कोणी येईना.

आमच्या भावकीतले आप्पा म्हैस धुवायला आले. आप्पा मिलिटरीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी त्या लाल कोटाकडं वर-खाली बघितलं आणि विचारलं, "जेवला का?"

डीटरला शब्द कळला नाही. आप्पांनी हाताचा घास तोंडाजवळ नेऊन दाखवला. मग कळला.

घरी निघाले. पुढं म्हैस, मागं आप्पा, त्यांच्यामागं तलवार सावरत साहेब. ते पोचायच्या आधी गावात बातमी पोचली होती.

"आप्पानं इंग्रज धरून आणलाय!"

तेव्हापासून तो आप्पांच्या माडीवरच राहतो. आप्पांची बायको वारलेली, थोरला मुलगा मिलिटरीत, धाकटा पुण्यात आयटीत. घरात दोघंच. भाकरी आप्पाच थापायचे, म्हणजे डीटर जेवलेला नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नसायचं. तरी रोज संध्याकाळी जिन्याखालून हाळी यायची, "जेवला का रं?"

*

वाईत कायमचा गोरा मिळतो, येण्याजाण्याचा खर्च नाही, हे मालिकावाल्यांना कळायला वेळ लागला नाही. मग डीटरला जे मारायला सुरुवात झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

विळ्यानं मारलं. भाल्यानं मारलं. विहिरीत ढकललं, कड्यावरून लोटलं, बैलगाडीखाली घातलं. एका मालिकेत तर बजेट संपलं होतं, म्हणून क्रांतिकारकाच्या डोळ्यातला नुसता अंगार बघून कलेक्टरसाहेबांना हार्ट अटॅक!

बाजारात भाजीवाल्या मावशी त्याला बघून चरकायच्या. एकीनं हातच धरला. "आवं सायेब, काल रातीच्याला तुमास्नी हिरीत ढकललं की! सर्दी-पडसं न्हाई न्हवं झालं?" आणि आल्याचा एक तुकडा पिशवीत फुकट टाकला.

डीटर एकदा वैतागून बापूकाकांना म्हणाला, "बापू, मी इंग्रज न्हाई. मी जर्मन. आमाला पण त्यांनीच हरवलं."

"मग लयच झ्याक की!" बापूकाका म्हणाले. "त्यांचाच ड्रेस घालून रोज मरतोयस. ह्याच्याहून मोठा बदला कंचा?"

त्यानं डायरेक्टरलाही विचारून बघितलं होतं. हा एक साहेब जिवंत राहिला तर चालेल का? बदली होऊन जाऊ दे, आजारी पडून मायदेशी जाऊ दे. डायरेक्टरनं चहा संपेपर्यंत मनापासून विचार केला.

"नको. तो जिवंत राहिला तर आपण हरलो असं वाटेल."

*

डीटर मराठी शिकला ते आप्पांकडून आणि म्हशीशी बोलताना. त्यामुळं त्याचं मराठी गावातल्या कोणाहीपेक्षा ठसकेबाज.

एका मालिकेत त्याला संवाद होता. कलेक्टर गावकऱ्यांना धमकावतो. सीन लिहिणारा पुण्याचा. डीटरनं कागद बघितला, बाजूला ठेवला आणि घोड्यावरून गर्जना केली, "लय माजलाय काय रं? साऱ्याला एकेक करून सरळ करतो, थांबा!"

गर्दीतले आमचे गावकरी खरोखर दोन पावलं मागं सरले. डायरेक्टर ओरडला, "कट! साहेब, एवढं चांगलं मराठी नको हो! इंग्रज वाटत नाही!"

मग मला बोलावणं आलं. आयुष्यातली माझी पहिली अधिकृत पोस्ट, डायलॉग असिस्टंट. काम काय? चांगलं मराठी बोलणाऱ्या माणसाला वाईट मराठी शिकवायचं. दुपारभर आम्ही आंब्याखाली बसून घोकलं. "टुम लोकांना आमी चोडणार नाय." डीटरला जमेना. 'चोडणार' म्हणताना त्याला इतकी लाज वाटायची की मान खाली जायची. म्हणायचा, "पंक्या, आप्पा बघतील रं टीव्ही."

आप्पांनी बघितलाच. आख्खा एपिसोड कंबरेवर हात ठेवून, उभ्यानं. संपल्यावर टीव्ही बंद केला आणि खोलीतल्या सगळ्यांकडं वळून विचारलं, "चांगला बोलत हुता की! कुणी बिघडवला ह्याला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हासुद्धा एवढी बोटं नव्हती.

*

आता बापूकाका. त्यांची मिशी झुपकेदार आहे, आणि काळी आहे. काळी कशी राहते हे काकूला आणि बाटलीला माहीत. त्या मिशीवर त्यांना मालिकेत पाटलाचा रोल मिळाला. संवाद असा नाही. पारावर बसायचं आणि कोणी काही बोललं की मिशीवरून हात फिरवायचा.

एकदा दुपारच्या सुट्टीत ते नामाच्या सलूनमध्ये जाऊन मिशीची टोकं कापून आले. संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा होता. असिस्टंट डायरेक्टर पोरगी त्यांना बघून किंचाळली. "काका! सकाळच्या शॉटमध्ये मिशी मोठी, आता बारीक! एकाच सीनमध्ये? कंटिन्युटी असते हो! एक केस हलता कामा नये!"

त्या दिवशी बापूकाकांना कंटिन्युटी हा शब्द सापडला.

काकू म्हणाली, शर्ट मळलाय, बदला. "कंटिन्युटी हाय." उसाला पाणी पाजायला जायचंय. "उन्हानं चेहरा काळवंडंल. कंटिन्युटी हाय." गटार साफ करायला गाव जमलं. "नखात घाण जाती, क्लोजअपला दिसती. कंटिन्युटी हाय." ज्या पाटलाची नखं आजपर्यंत कोणी दाखवलेली नाहीत, त्याची!

गावातली सगळी म्हातारी मंडळी मान डोलवायची. "व्हय, व्हय. कलाकार माणूस. संबाळाय लागतं."

आमची काकू मात्र चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "लगीन झाल्यापासनं हेच चाललंय," ती म्हणाली. "आत्ता कुठं त्याला नाव घावलं!"

*

कुपवाडच्या एका पाण्याच्या पंपवाल्यानं जाहिरातीसाठी डीटरला पांढरा कोट घातला, हातात पाना दिला आणि उसात उभं केलं. "जर्मन टेक्नॉलॉजी, मराठी माती!" एवढं म्हणायचं. मोटार कुठली होती देव जाणे, जर्मनी तिनं नकाशातसुद्धा बघितलेली नव्हती. डीटर म्हणाला, "पंक्या, हे खोटं हाय." बापूकाका म्हणाले, "मग काय तू कलेक्टर खरा हायस?"

जाहिरातीचे फ्लेक्स सांगलीपासून साताऱ्यापर्यंत लागले. आणि एका सकाळी शिराळ्याकडचा एक शेतकरी आप्पांच्या दारात येऊन उभा राहिला. जीपमध्ये जळालेली मोटार.

"जर्मनवालं सायेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

बापूकाकांनी मागच्या दारानं निघून जायचा सल्ला दिला. डीटर पुढच्या दारानं गेला. मोटार उतरवून घेतली, अंगणात पोतं अंथरलं आणि ती खोलून बसला. पार दिवस मावळेपर्यंत. कॉइल गुंडाळली, बेअरिंग वाईतून मी आणलं. पाण्याच्या टाकीवर लावून बघितली तर मोटार सुरू!

शेतकरी हात जोडून गेला. जाताना म्हणाला, "कंपनी लय चांगली हाय बघा. सायेब सोता दुरुस्त करून देत्यात." आणि गावात जाऊन आणखी चौघांना तीच मोटार घ्यायला लावली.

*

हे कोणीतरी मोबाईलवर टाकलं आणि विश्रामबागेतल्या एका कॉलेजनं डीटरला गॅदरिंगला बोलावलं. एका म्हणजे माझ्याच. गेटवर फ्लेक्स, "हॉलिवूडचे सुप्रसिद्ध अभिनेते." डीटर फ्लेक्स बघून म्हणाला, "कोण येणार हाय?"

पहिल्या रांगेत ट्रस्टी, त्यांच्या मागं सर लोक आणि त्यांच्या मागं माझे वडील. मी न सांगता आलेले. ज्या कॉलेजातून मी तोंड काळं केलं, तिथं पोरगा स्टेजवर बसतोय म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, पहाटेची एसटी धरून.

ट्रस्टींनी भाषण केलं. शिस्त म्हणजे जर्मनी, चिकाटी म्हणजे जर्मनी, हाती घेतलेलं काम न सोडणं म्हणजे जर्मनी. हे 'न सोडणं' म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. मग माईक डीटरकडं देऊन म्हणाले, "साहेब, आमच्या मुलांना इंजिनिअरिंगविषयी दोन शब्द सांगा."

मी भाषांतर करायला उठलो. डीटरनं मला हातानं खाली बसवलं आणि थेट मराठीत सुरू केलं.

"मी पण इंजिनिअरिंग करत हुतो. मधीच सोडलं. लय बरं वाटलं."

मागच्या बाकांवरून जो आवाज उठला, तो त्या हॉलनं आजवर ऐकला नसेल. ट्रस्टींचा चेहरा हारातल्या झेंडूसारखा झाला. आणि त्या गोंधळात मला आमच्या वडिलांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. शेजारच्या सरांना विचारत होते.

"म्हंजे तिकडंबी हाईत व्हय असली?"

*

पावसाळ्यात आमच्याकडं शूटिंग बंद. महाबळेश्वरकडून जो पाऊस उतरतो तो कॅमेऱ्याला डोळा उघडू देत नाही. गेल्या पावसाळ्यात डीटरनं दाढी केलीच नाही. करून कोणाला दाखवणार? कलेक्टर गुळगुळीत असतात, आणि कलेक्टर रजेवर होते. दाढी वाढली, छातीपर्यंत आली, निम्मी सोनेरी, निम्मी पांढरी.

मी सहज एक व्हिडिओ काढला. आप्पा आणि डीटर ओट्यावर बसलेत, समोर पाऊस, दोघंही काही बोलत नाहीत. बऱ्याच वेळानं आप्पा म्हणतात, "पडतोय." डीटर म्हणतो, "व्हय." संपला व्हिडिओ. टाकला आणि विसरलो.

तो जर्मनीत एका डायरेक्टर बाईनं बघितला. तिचा फोन आला. समुद्रातल्या एका बेटावर एकटा राहणारा म्हातारा, असा पिक्चर. सबंध पिक्चर त्याच एका माणसाचा. ती म्हणाली, मला हाच चेहरा पाहिजे, हीच दाढी पाहिजे, चिकटवलेली वाऱ्यात कळते. येईपर्यंत एक केस कापायचा नाही. कापलात तर येऊ नका.

डीटर फोन ठेवून जिना उतरला तेव्हा चौकट पुन्हा कपाळाला लागली. त्याला कळलंसुद्धा नाही.

बापूकाकांनी विचारलं, "किती वेळा मरतोस त्यात?"

"एकदाबी न्हाई," डीटर म्हणाला. मग आपल्यालाच पटत नसल्यासारखं पुन्हा म्हणाला, "शेवटपतूर जित्ता हाय. आणि बोलतो जर्मन."

हिरोचा रोल, स्वतःच्या भाषेत, आणि शेवटी जिवंत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आप्पांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवून घरोघर वाटले. पोराला नोकरी लागल्यासारखे. आणि त्या दिवसापासून ते दाढीचे सुभेदार झाले. रोज खोबरेल तेल. भाकरी खाताना दाढीला फडकं. गावातली लहान पोरं ओढायची, त्यांना काठी. नामा सलूनवाला दाढीकडं आशेनं बघायचा, एवढी मोठी त्याला कधी मिळाली नव्हती. आप्पांनी त्याला भर चौकात बजावलं, "नामा, ह्या दाढीजवळ वस्तरा दिसला तर तुझं दुकान घाटावनं खाली टाकीन."

पाऊस संपला, शूटिंग पुन्हा सुरू झालं, आणि तिकीट आलं. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारचं विमान.

*

आणि आप्पा गेले. दुपारी ओट्यावर बसल्या-बसल्या. डीटर शेजारीच होता. त्याला वाटलं झोपलेत.

दहावा बुधवारी आला, कृष्णेच्या घाटावर. आमच्यात दहाव्याला मुलांनी डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायचं. बाप वारलेल्या भावकीतल्या पुरुषांनीही मिशी काढायची. माझे वडील हयात, म्हणून पद्धतीप्रमाणं मी सुटलो.

आप्पांचा थोरला मिलिटरीतून आला होता, तो पहिल्यांदा नामापुढं बसला. धाकटा म्हणाला, "मला शुक्रवारी क्लायंट कॉल आहे, कॅमेरा ऑन असतो." म्हातारी मंडळी लगेच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. शहरगावचं असतंय तसलं." नामानं त्याची एक बट कापून घेतली, झालं. आमच्या वडिलांनी कोणाला न विचारता मिशी उतरवली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा वरचा ओठ बघितला. आप्पा त्यांचे लहानपणापासूनचे सोबती.

मग बापूकाकांची पाळी. बापूकाका जागचे हलेनात. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"उद्या पाटलाचा सीन हाय," ते म्हणाले. "कंटिन्युटी हाय."

मंडळींनी मान डोलवली. व्हय, व्हय. कलाकार माणूस.

पिंड मांडले. कावळा काही शिवेना. समोर पिंपळावर चांगले दहा-बारा बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. भटजी दोनदा म्हणाले, "मंडळी, जरा लांब सरका." कोण सरकतंय! सगळं गाव पिंडाभोवती कोंडाळं करून उभं, आणि प्रत्येकाला आप्पांची शेवटची इच्छा माहीत.

"आप्पा, बांधाचा वाद मिटवतो!" धाकटा बोलला.

"आप्पा, म्हशीला इकणार न्हाई!" थोरला बोलला.

"आप्पा, तुमच्या नावानं शाळंला खोली बांधतो!" हे बापूकाका. कावळ्यांनीसुद्धा त्यांच्याकडं बघितलं नाही.

ऊन चढलं. माणसं भुकेली. मग बापूकाकांची नजर मागं उभ्या असलेल्या डीटरवर गेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मला अजून दिसतो.

"आप्पाचा जीव कशात आडकलाय कळलं का? गोऱ्यात! लेकावानी सांबाळला त्याला. लेकानं दाढी ठिवून कसं चालंल? म्हनून आत्मा घुटमळतोय!"

सगळे म्हातारे एकदम, "व्हय की! व्हय की!"

मी ओरडलो. मी सरळ बोललो, वडीलधारे-बिडीलधारे काही ठेवलं नाही. "तुमची मिशी ऱ्हाती आन् त्याची दाढी जाती? धाकट्याला क्लायंट हाय, तुमास्नी पाटील हाय, ह्यालाच काय न्हाई व्हय? आप्पांनी सोता ह्या दाढीला तेल लावलंय! शनिवारी विमान हाय त्याचं!"

"तू गप रं!" बापूकाका म्हणाले. "एक शिक्षान पुरं करता आलं न्हाई, आन् मला धरम शिकवतोय! दाढी काय, परत उगावती."

मी डीटरकडं गेलो. दंड धरला. इंग्लिशमध्ये सांगितलं, चल इथून, गाडीत बस, यांना काय कळतंय.

तो पिंडाकडं बघत होता. पत्रावळीवरच्या भाताकडं, भाकरीकडं. मला मराठीतच म्हणाला, "पंक्या, आप्पा अजून जेवलं न्हाईत रं."

आणि जाऊन नामापुढं बसला.

नामानं आधी पिंडाकडं बघून हात जोडले. आप्पांनी दुकान घाटावनं टाकायची धमकी दिलेली, ते आठवत असणार. त्यानं कात्री लावली. सोनेरी-पांढरा झुबका पायरीवर पडला. गोऱ्याची दाढी उतरतेय म्हटल्यावर कोंडाळं सगळं इकडं फिरलं. पोरं, बाया, म्हातारे, दोन्ही मुलगे, भटजीसुद्धा. एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बघायला लागले. पिंडाजवळ चिटपाखरू राहिलं नाही.

नामानं डावा गाल साफ केला. वस्तरा पुसून उजव्याला लावणार, तेवढ्यात मागं पंख फडफडले.

"शिवला! शिवला!" कोणीतरी ओरडलं.

सगळे वळले. कावळा पिंडावर बसून भात खात होता. त्याच्याजवळ दुसरा उतरला, मग तिसरा.

बापूकाकांनी आभाळाकडं बघून हात जोडले. मग डीटरकडं बघितलं. डावा गाल लहान पोरासारखा गुळगुळीत, उजवीकडं छातीपर्यंत दाढी.

"झालं काम," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "नामा, बास कर आता. उरलेली ऱ्हाऊ दे त्याला, पिक्चरला लागती!"

शनिवारचं विमान डीटरला सोडून गेलं. रोल दुसऱ्या नटाला मिळाला.